मागचा गारवा

भैय्यालालनं मूठ उघडली तेव्हा तिच्यात धानाचं फोल होतं. ओलं, काळपट, एकमेकांना चिकटलेलं. चंद्रकुमारनं त्या मुठीकडे पाहिलं, मग गाडीच्या उघड्या डिक्कीकडे, मग पुन्हा मुठीकडे, आणि त्याच्या मनात पहिला विचार आला तो असा, की हे ह्यानंच आणून ठेवलं असणार. गॅरेजवाले असं करतात. खिशात एखादा तुटका पट्टा ठेवतात, तुमच्या इंजिनात हात घालतात आणि तोच पट्टा बाहेर काढून दाखवतात. पण पट्टा एकवेळ समजू शकतो. धानाचं फोल कोण कशाला खिशात घालून फिरेल?

"साहेब, तुमची गाडी का राईस मिलमधी उभी राहते?" भैय्यालाल म्हणाला आणि स्वतःच हसला.

चंद्रकुमार हसला नाही. भंडाऱ्यातल्या एका पतसंस्थेत तो सह्या पडताळायचा. एका हाताला कागदावरची सही, दुसऱ्या हाताला कार्डावरची सही, मध्ये त्याचा चष्मा. ह्या कामानं त्याला एक गोष्ट शिकवली होती. खरा माणूस तीच सही पुन्हा तशीच करू शकत नाही. वेलांटी थोडी घसरते, शेवटचा फराटा कमी-जास्त होतो. दोन सह्या तंतोतंत जुळल्या की चंद्रकुमार थांबायचा, चष्मा पुसायचा आणि काउंटरपलीकडच्या माणसाला म्हणायचा, बसा जरा. घरीदारीही त्याची नजर तशीच झाली होती. भाजीवालीनं जास्तीची कोथिंबीर टाकली तर तो खालची वांगी उलटून पाहायचा. बायको रीना म्हणायची, तुमच्यासमोर कोणी रडलं तरी तुम्ही पाहाल की डोळ्यात पाणी आहे की ग्लिसरीन. तो म्हणायचा, पाहण्यात काय वाईट आहे.

पुढे थंड. मागे नाही. एवढीच तर तक्रार होती. गाडी त्यानं जुनीच घेतली होती, पण मोठी, आणि घेताना एकच गोष्ट पाहिली होती: मागच्या सीटला वेगळा एसी आहे की नाही. विकणाऱ्याच्या देखत तो पाठीमागे जाऊन बसला होता, छपराच्या जाळीखाली तळहात धरून, बोटं दुखेपर्यंत. गाडी आईसाठी होती. सुंदरबाईच्या किडन्या गेल्या, तेव्हा तो तिला गावाहून, एकोडीहून, भंडाऱ्याला घेऊन आला. मंगळवार आणि शुक्रवार, असं आठवड्यातून दोनदा तिला नागपूरला डायलिसिसला न्यायचं ठरलं. नेणार धाकटा भाऊ इश्वर, कारण चंद्रकुमारला पतसंस्था होती आणि हायवेवर ट्रकांच्या मधून गाडी काढताना त्याचे हात घामानं निसटायचे. इश्वर एकोडीला शेती करायचा. त्या वारी पहिल्या एसटीनं यायचा, चावी घ्यायचा, माय म्हणायचा चल, आणि निघायचा. तो माय म्हणायचा. चंद्रकुमार शहरात येऊन आई म्हणायला लागला होता आणि आपण कधीपासून म्हणायला लागलो हे त्याला आठवत नव्हतं.

पहिल्याच दिवशी त्यानं इश्वरला खिडकीशी वाकून सांगितलं होतं, "हे पाहा, आई गाडीत आहे तोपर्यंत मागचा एसी बंद करायचा नाही. एक मिनिट नाही. उभी असली गाडी तरी नाही. डिझेलची चिंता तू नको करू."

"हो दादा."

"ऐकून राहिला ना?"

"ऐकलो ना, दादा. नाही करत बंद."

आणि मागच्या सीटवर, लुगड्याचा पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेऊन, सुंदरबाई समोर पाहत बसली होती. एखाद्या कार्यालयात बसावं तशी.

मागे हवा येत नाही हे तिनं कधी सांगितलं नाही. सांगितलं रीनानं, एका लग्नाहून परतताना. मागं तर नुसता आवाज येते, ती म्हणाली, हवा कुठं आहे. चंद्रकुमारला तेव्हा वाटलं, हिला पुढे बसायचं आहे म्हणून म्हणते. तरी तो भैय्यालालकडे गेला, भैय्यालालनं गॅस भरला, आणि काही फरक पडला नाही. आज तो दुसऱ्यांदा आला होता, रजा टाकून, आणि ह्या वेळी समोर उभं राहून प्रत्येक स्क्रू बाहेर येताना पाहायचं असं ठरवून.

"मागच्या हप्त्यात गॅस कशाला भरला मग?" तो आल्या आल्या म्हणाला होता.

"तुमीच बोलले ना साहेब, गॅस कमी असन, भरा म्हणून."

"मी म्हटलं तपासा."

"तपासलो ना. थोडासा कमी होता. तुमी भरा म्हणून राहिले तर मी कायले नाही म्हणू?" भैय्यालाल निर्लज्जपणे म्हणाला, आणि तोंडातला खर्रा एका गालातून दुसऱ्या गालात सरकवला. मग त्यानं पुढचा एसी लावला, मागचा लावला, पुढे हात धरला, मागे हात धरला. "पुढं फस्क्लास. म्हणजे गॅस ठीक, कॉम्प्रेसर ठीक. दोघायचा कॉम्प्रेसर एकच असते, साहेब. घर एक, चुली दोन. आता मागची चूल काहून नाही पेटून राहिली ते पाहू." तो डिक्कीत चढला. पंख्याचा आवाज ऐकला. आवाज भरपूर होता, हवा नव्हती. प्लास्टिकच्या पत्र्यामागे हात घालून त्यानं कॉइलकडे जाणारी नळी चाचपली आणि हात झटकन बाहेर काढला. "पाहा, पाहा तुमी. बर्फ."

चंद्रकुमारनं बोट घातलं. नळीवर खरंच पांढरा बर्फ होता. एवढी थंडी तिथे होती, आईच्या पाठीपासून हातभर अंतरावर, आणि आईपर्यंत येत नव्हती. मध्ये काहीतरी होतं. (कोणीतरी.) तो शब्द असा मनात आला आणि तिथेच राहिला.

मग पत्रा निघाला, जाळी निघाली, आणि मूठ उघडली. आत कॉइल दिसतच नव्हती. तिच्या बारीक पात्यांवर फोल, धूळ आणि तणसाच्या काड्यांचे तुकडे ह्यांची ओली गोधडी बसली होती. ती गोधडी भैय्यालालनं बोटांनी सोलली. "हे उडून आलेलं नोहे, साहेब. रस्त्यावरची धूड अशी नसते. हे कोणंतरी डिक्की खुली ठेवून, एसी चालू ठेवून गाडी खळ्यावर उभी केली. मागचा एसी हवा कुठून ओढते? इथून, डिक्कीच्या बाजूनं. इकडं कोणी धान पाखडून राहिलं आणि इकडं पंखा ओढून राहिला. ओढन का नाही ओढन?"

ओढेल. बरोबर आहे, ओढेल. चंद्रकुमार गाडीपासून दोन पावलं मागे झाला. गाडी पतसंस्थेसमोर उभी असते. गाडी घरासमोर उभी असते. मंगळवारी आणि शुक्रवारी गाडी नागपूरच्या एका हॉस्पिटलच्या अंगणात कडुलिंबाखाली उभी असते, आणि आत आईच्या हातातून रक्त बाहेर जातं, धुतलं जातं, परत येतं. ह्यात खळं कुठं आहे?

भाडं. त्याला एकदम उजेड पडल्यासारखं वाटलं, आणि तो उजेड जवळजवळ सुखाचा होता. इश्वर आईला हॉस्पिटलला सोडतो आणि मधल्या वेळात गाडी भाड्यानं चालवतो. कोणाची पोती वाहतो. टोलचे मेसेजही त्यालाच जातात, फास्टॅग त्याच्याच मोबाईलला जोडलेला आहे, तोच चालवतो म्हणून आपणच जोडून दिला. किलोमीटर? आकडा तर दर वेळी बरोबर असतो. जुळवला असेल. त्याला इश्वर लहानपणचा आठवला, तलावाच्या पाळीवर मोहाची फुलं वेचणारा, टोपलीतली अर्धी फुलं वाटेतच तोंडात टाकून घरी येणारा आणि विचारल्यावर जीभ बाहेर काढून दाखवणारा, की पाहा, काही नाही. जीभ चिकट, पिवळी. तेव्हा माय हसली होती. तू काहून हसते, त्यानं विचारलं होतं, तो खाऊन राहिला ना. माय म्हणाली होती, त्याची जीभ पाहा ना किती छान झाली.

"अरे वा," डिक्कीतून भैय्यालाल म्हणाला. "साहेब, इकडं तं शेती चालू आहे तुमची."

कॉइलच्या खाली एक पन्हाळी असते. कॉइलवर साचलेलं पाणी तिच्यात उतरतं आणि नळीनं बाहेर जातं. नळी चिखलानं बुजली होती, पाणी तिथेच तुंबलं होतं, आणि त्या पाण्यात धान उगवला होता. फोलांसोबत जे भरीव दाणे जाळीतून आत पडले होते त्यांना मूळ फुटलं होतं, कोंब आले होते. उजेड नसल्यानं पिवळट, लांबोडके, एकमेकांना धरून. भैय्यालालनं ते सगळं एका ओल्या चकतीसारखं उचललं आणि ऑइलच्या रिकाम्या डब्यावर ठेवलं. चंद्रकुमार वाकला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

परहे. वर्षानुवर्षं त्यानं हा शब्द उच्चारला नव्हता, आणि तो असा आला, गॅरेजमध्ये, डिझेलच्या वासात. रोवण्याआधी धानाच्या बांधीच्या कोपऱ्यात दाट पेरलेली रोपं, आणि माय घोट्यापर्यंत चिखलात उभी, मुठीमुठीनं उपटून गड्डी बांधणारी. पेरून किती दिवस झाले हे ती नुसतं पाहून सांगायची. त्यालाही येत होतं. आत्ताही येत होतं, हे त्याच्या ध्यानात आलं आणि ते त्याला आवडलं नाही. कारण डब्यावरचे कोंब सारखे नव्हते. काही बोटभर लांब होऊन आडवे पडले होते. काही नखाएवढे, ताठ. काही दाण्यांना नुसताच पांढरा ठिपका आलेला. म्हणजे एकदा नाही. धान पुन्हा पुन्हा आत पडला होता. लवकरचा आणि मागचा, जसजसा उन्हाळी धान मळून चुरला गेला तसतसा.

आणि सगळा बाजूच्या जाळीतून. भाड्यानं पोती वाहिली असती तर दाणे गालिच्यावर असते, सीटच्या फटीत असते. गालिचा कोणीतरी साफ झाडला होता म्हणावं तर एवढी काळजी भाड्याच्या धानासाठी कोण घेईल. हे फोल वरून आलं होतं, हवेतून. कोणीतरी डिक्कीच्या काठावर बसून सूप हातात घेऊन

नाही.

पाखडून

त्यानं भैय्यालालकडे पाणी मागितलं. भैय्यालालनं कॉइल धुवायच्या प्रेशरच्या पंपाकडे बोट दाखवलं, मग हसून बाटली दिली. पाणी पिताना चंद्रकुमारला मडकं आठवलं. त्यांच्या घरातलं मडकं त्यानं स्वतः उचलून स्वयंपाकघराच्या वरच्या फळीवर ठेवलं होतं, जिथे आईचा हात पोचत नाही. डॉक्टर म्हणतात पाणी कमी प्यायचं, असं इश्वर दर वेळी येऊन सांगायचा. तिचे पाय सुजायचे, ते ठीक होतं, डायलिसिस झालं की उतरायचे. बुधवारी उतरलेले असायचे. शनिवारी नसायचे. अंगठ्यानं दाबलं तर खळगा पडायचा आणि तिथेच राहायचा. चंद्रकुमारनं आधी हॉस्पिटलच्या मशीनवर संशय घेतला, शुक्रवारची मशीन खराब असणार. मग आईवर, मग रीनावर. तू तिला पाणी देते, त्यानं रीनाला विचारलं होतं. उन्हाळ्यातल्या दुपारी म्हातारी बाई घोटभर पाणी मागते, तू देते. रीना म्हणाली होती, "मी तिचे ओठ ओल्या कपड्यानं पुसतो. तेही मोजून घ्या तुम्ही." आणि तो ग्लासावर पेनानं रेघ मारायला गेला होता. खरोखर गेला होता.

शनिवारी पाय उतरत नव्हते, कारण शुक्रवारी ती गेलीच नव्हती.

हे वाक्य मनात पूर्ण झालं तेव्हा भैय्यालाल प्रेशरनं कॉइल धूत होता, आणि गाडीच्या खालून गढूळ पाणी वाहत येऊन चंद्रकुमारच्या चपलांना लागत होतं. त्यानं पाय हलवले नाहीत. आता सगळं कसं सोपं दिसत होतं. नागपूर इकडे, एकोडी तिकडे, थोडं इकडेतिकडे फिरलं की किलोमीटरचा आकडा जुळतो. इश्वरचा शुक्रवारचा निरोप. झालं व्यवस्थित, दादा. झोपून होती. डॉक्टर म्हणते पाणी कमी. दर शुक्रवारी हेच, ह्याच क्रमानं, एक शब्द इकडचा तिकडे नाही. मंगळवारी तो काहीबाही सांगायचा, आज नर्स नवीन होती, आज बाजूच्या खाटेवरचा माणूस फार बोलत होता, लिफ्ट बंद होती. शुक्रवारी मात्र तंतोतंत. आयुष्यभर ज्याच्यावर पगार घेतला ते समोर होतं, दर आठवड्याला, आणि त्याला दिसलं नव्हतं. तो मडकं पाहत होता.

हॉस्पिटलला फोन लावला तर आत्ता कळेल. त्यानं मोबाईल काढला, नंबर काढला, आणि लावला नाही. कळणं त्याला नको होतं. संशय हातात होता तोवर तो मोठा होता, सगळ्यांच्या वर उभा होता, खाली पाहत होता. कळल्यावर काय करायचं असतं हे त्याला कधी शिकवलं गेलं नव्हतं. पतसंस्थेत तो फक्त म्हणायचा, बसा जरा. पुढचं मॅनेजर पाहायचे.

मायचं पहिलं सूप. त्यांच्या घरी असं होतं, की खळ्यावर धान चुरला, रास पडली, तरी घरातल्या मोठ्या बाईनं पहिलं सूप पाखडल्याशिवाय एक दाणा घरी यायचा नाही. मजूर थांबायचे. बैल थांबायचे. पुढे थ्रेशर आला, मशीनमधून धान साफच पडायचा, पाखडायला काही उरायचं नाही, तरी माय एक सूप भरून घ्यायची, वाऱ्याकडे पाठ करायची आणि पाखडायची. फोल उडायचं तसतशी तिची मान एका बाजूला कलायची, कोणाचं बोलणं नीट ऐकू यावं म्हणून कलावी तशी. बाबा गेले त्या वर्षीही पाखडली. ह्या वर्षी तिला भंडाऱ्याला आणलं तेव्हा ती इश्वरला एवढंच म्हणाली होती, तलावाखालच्या बांधीचा धान मले दाखवजो. दाखवीन ना, इश्वर म्हणाला होता. चंद्रकुमारला वाटलं होतं, मोबाईलवर फोटो दाखवेल.

त्यानं इश्वरला फोन लावला.

"हॅलो, दादा. बोला."

"गॅरेजमध्ये आहे. मागच्या एसीचं काम करून राहिलो."

"हो का. काय निघालं?"

प्रश्न साधा होता. आवाजही साधा होता. तिकडे मागे कुठंतरी बकरी ओरडत होती.

"तू एसी बंद ठेवत होता का मधेमधे?" चंद्रकुमारनं विचारलं. हाच प्रश्न का विचारला ते त्याला कळलं नाही. कदाचित इश्वर एका गोष्टीत तरी खोटा पकडला जावा, म्हणजे बाकीचं आपोआप बोलता येईल.

"नाही, दादा." इश्वर दुखावल्यासारखा झाला. "एक मिनिट बी नाही. तुमी सांगितलं होतं ना. माय म्हणे बंद कर, मले हिव वाजून राहिली. मी म्हटलं नाही, दादानं सांगितलं. गाडी उभी राहो, डिक्की खुली राहो, मी बंद नाही केलो. मायची शप्पथ."

डिक्की खुली राहो. तो स्वतःच बोलून गेला आणि त्याला कळलंही नाही. चंद्रकुमारनं डोळे मिटले. त्याला ते सगळं दिसलं: तलावाच्या पाळीखालचं खळं, रणरणती दुपार, वर उघडलेल्या डिक्कीची सावली, तिच्या काठावर पाय खाली सोडून बसलेली माय, हातात सूप, आणि तिच्या पाठीमागे गाडी घरघरतेय, एसी पूर्ण वेगात, कारण दादाचा हुकूम आहे. नागपूरला न्यायचा हुकूम मोडला, एसीचा मोडला नाही. ज्याला फसवायचं त्याचंच ऐकायचं, जेवढं ऐकता येईल तेवढं. असा हा भाऊ. त्याला राग यायला हवा होता. राग आला, पण त्याच्या आधी दुसरंच काहीतरी आलं, आणि ते काय आहे हे तो तपासू लागला, आणि फोनवर इश्वर म्हणत राहिला, हॅलो, दादा, हॅलो.

"ठेव," चंद्रकुमार म्हणाला.

भैय्यालालनं सगळं परत बसवलं. नवी जाळी, नळीचा चिखल काढलेला, नवे रबर. पुन्हा गॅस भरला आणि ह्या वेळी चंद्रकुमारनं काही विचारलं नाही. मागच्या सीटवर बसून त्यानं छपराखाली हात धरला. गारवा आला. भरभरून, बोटं दुखतील असा. ती इथे बसते. तिला इथून काय दिसतं ते त्यानं पाहिलं: पुढच्या दोन सीटांच्या पाठी, त्यांच्या मधून रस्त्याचा एक तुकडा, आणि आरसा. आरशात चालवणाऱ्याचे डोळे.

निघताना त्यानं ऑइलच्या डब्यावरची कोंबांची चकती पॉलिथिनमध्ये घेतली.

"पुरावा?" भैय्यालालनं विचारलं.

"हो," तो म्हणाला.

पुरावाच होता. घरी त्यानं ती पिशवी कपाटात ठेवली, रीनाला न सांगता. दुसऱ्या दिवशी पाहिली तेव्हा कोंब लोळले होते. तो उभा राहिला. मग प्लास्टिकची एक बाटली अर्धी कापली, चकती तिच्यात ठेवली, आणि फळीवरचं मडकं खाली काढून त्यात पाणी ओतलं. बाटली गच्चीत उन्हाला ठेवली. हे आपण का करतोय असं त्यानं स्वतःला विचारलं, आणि समोरचा माणूस काही लपवतोय अशी त्याची खात्री झाली. मडकं त्यानं परत फळीवर चढवलं नाही. आईच्या खोलीत तो रोज जाऊन बसला, काहीच विचारलं नाही. ती म्हणाली, गाडी बरी झाली का. झाली, तो म्हणाला. दोघं एकमेकांना पडताळत बसले. गच्चीत कोंब हिरवे झाले.

शुक्रवारी इश्वर पहिल्या एसटीनं आला. चंद्रकुमार गाडीशी उभा होता, चावी हातात.

"तुमी, दादा? पतसंस्था?"

"आज मी चालवतो. तू बस पुढं."

इश्वरनं मायकडे पाहिलं. माय पायरी उतरत होती, सुजलेले पाय चपलेत मावत नव्हते, आणि तिचं सगळं लक्ष पायरीवर होतं, किंवा तसं तिनं दाखवलं. रीनानं तिला मागे बसवलं. सीटच्या बाजूला ग्लास ठेवायचा खळगा असतो, त्यात ती कापलेली बाटली होती. हिरवे परहे गाडीच्या दाराबरोबर हलले. मायनं पाहिलं.

हायवेला चौक आला. एकीकडे नागपूर, दुसरीकडे साकोली आणि एकोडी. चंद्रकुमारनं गाडी थांबवली. त्याचे हात घामानं ओले झाले होते. मागच्या ट्रकनं हॉर्न दिला.

"माय, कुठं घेऊ?"

माय. ते त्याच्या तोंडून निघालं आणि इश्वरनं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

"गाडी तुझ्या हातात आहे बापू," ती म्हणाली.

त्यानं नागपूरकडे वळवली. गारवा मागून पुढे येऊन त्याच्या मानेला लागत होता, एवढं चांगलं काम झालं होतं. आरशात त्यानं पाहिलं: तिनं पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेतला होता, बोटं काखेत खुपसली होती.

"बंद करू का एसी?"

"राहू दे," ती म्हणाली. "तुले बरं वाटते ना."

त्यानं हात नेला आणि मागचा पंखा बंद केला. तो आवाज थांबला, आणि त्याच्याखाली दबलेला दुसरा आवाज ऐकू आला. तिचा श्वास. आखूड, मध्येच तुटणारा, बसल्या जागी चढण चढल्यासारखा. किती दिवसांपासून तो असा होता? त्यानं कान लावला होता तो पंख्याला. त्यानं गाडी थोडी वेगात घेतली.

"हे परहे कुठचे?" मागून आलं.

"ह्याच गाडीतले. तुझ्या पाठीमागं उगवले, जाळीच्या आत."

इश्वरचा हात दाराच्या कडीवर गेला आणि तिथेच राहिला. मायनं परह्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "पाणी कोणं दिलं याले?"

"मीच."

"बरं केलं."

मौद्याच्या अलीकडे रस्त्याचं काम सुरू होतं, गाड्या एकेरी सरकत होत्या. त्याला विचारायचं नव्हतं, तरी त्यानं विचारलं, आणि विचारताना त्याची शहरातली भाषा कुठंतरी मागे पडली. "मले काहून नाही सांगितलं, माय?"

"तू मोजत बसला असता," ती म्हणाली. तक्रार नव्हती. धान कसा उतरला हे सांगावं तशी म्हणाली.

"मरून जाशील तू. शुक्रवार चुकवून चालत नाही. अंगात पाणी भरते, श्वास..."

"माहीत आहे मले. मंगळवारी तुमच्यासाठी जातो. शुक्रवारी माह्यासाठी." मग दम घेऊन, "आता पुढच्या शुक्रवारी परहे टाकायचे आहेत. रोवण्याले मी राहतो का नाही राहतो. टाकलेले तरी पाहून घेतो."

गाड्या सरकल्या. चंद्रकुमारनं गियर टाकला. त्याच्या डोक्यात कार्ड आणि कागद, कागद आणि कार्ड, आणि मध्ये काहीच नाही. मग सरळ एक गोष्ट सुचली, इतकी साधी की त्याला तिचाच संशय आला.

"हॉस्पिटलला विचारून पाहतो," तो म्हणाला. "शुक्रवारच्या बदली शनिवार देतात का."

"देते," इश्वर म्हणाला. तो समोर रस्त्याकडे पाहत होता. "शनिवारी मशीन खाली राहते. मी पहिलेच विचारलो होतो."

"मग?"

इश्वरनं कडीवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

"मग तुमाले विचारा लागलं असतं, दादा."

पुढचा ट्रक हलला. चंद्रकुमारनं पुढचा एसीही बंद केला आणि चारी काचा खाली केल्या. उन्हाची झळ आत आली, डांबराचा वास, धूळ, आणि मागच्या खळग्यात परहे वाऱ्यानं एका बाजूला झुकले. त्यानं आरशात पाहिलं. मायनं बाटलीत बोट बुडवलं होतं. ओलं बोट तिनं खालच्या ओठावर फिरवलं, मग वरच्या. पुन्हा बुडवलं.

त्यानं हात वर नेला आणि आरसा छपराकडे वळवून ठेवला.